मोटारीचे मागचे बूट

सोजराबाई जनवाड्याहून माहेरी आली ती थेट चनमल्लप्पाच्या कडब्याच्या गंजीत.

वास्तविक तिला उतरायचं होतं अलीकडच्या दारात. ते दार तिच्या धाकट्या भावाचं, खटकचिंचोळीचे आडत दुकानदार हणमंतराव यांचं. दारात हणमंतरावांची बायको कमलबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. वेशीपासून घरापर्यंत चांगलाच उतार आहे. मोटार वेशीत दिसली तेव्हा कमलबाईनं पदर सावरला. मोटार दारासमोर आली तेव्हा तिनं ओवाळायला हात उचलला. हात एक वेढा फिरून आला तोवर समोर नुसती धूळ होती.

"वन्सं आल्या..." एवढं तिच्या तोंडून निघालं होतं. पुढचा शब्द तिनं गिळला.

मोटार चालवणाऱ्या हणमंतरावांनी ब्रेकवर पाय दाबला नव्हता असं नाही. त्यांनी वेशीतच दाबला होता. मारुतीच्या देवळापाशी दोन्ही पायांनी दाबला. दारासमोर तर ते जवळजवळ उभे राहिले होते आणि हातातलं चाक वरच्या अंगाला ओढत होते. मोटार म्हणजे बैल असता तर त्या ओढीनं त्याची मान मोडली असती. पण मोटार ती मोटार. ती आपल्या मनानं खाली गेली, उजव्या हाताला वळली आणि चनमल्लप्पाच्या परसातल्या गंजीत शिरून शांत झाली. गंज मऊ होती म्हणून कोणाला खरचटलंही नाही.

दार उघडून सोजराबाई बाहेर आली. केसांत कडबा, खांद्यावर कडबा, हातातल्या पेढ्यांच्या पुडीतही कडबा. ती सावकाश उभी राहिली, लुगडं झटकलं आणि भावाकडं न बघता मोटारीकडं बघून म्हणाली, "हणमंता, ही मोटार माझ्या शब्दावर थांबंल तवाच मी तुझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकीन. तवर न्हाई."

"अक्का, जरा ऐक तर..."

"तुझं कामून ऐकू? तुझी मोटार तुझं ऐकंना झाली."

हणमंतराव टोपीतला कडबा वेचू लागले.

बरं, ती जनवाड्याला परत गेली असती तरी निभावलं असतं. पण सोजराबाई महिनाभर राहायला आली होती, आणि ठरवून आलेल्या गोष्टीत बदल करणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती उभी होती तिथंच चनमल्लप्पाचं घर होतं. चनमल्लप्पाची बायको मल्लम्मा पुढं झाली, तिचा हात धरला आणि म्हणाली, "अक्का, आमचं घर काय परकं हाय का?" झालं. सोजराबाई भावाच्या भिंतीला लागून असलेल्या घरात माहेरवाशीण म्हणून दाखल झाली.

हणमंतरावांच्या अब्रूचं यापेक्षा वाईट काय व्हायचं राहिलं? बहीण भावाच्या गावी आली आणि शेजाऱ्याकडं जेवली! कमलबाईनं पुरणपोळ्यांचं ताट पदराखाली झाकून नेलं. ते तसंच परत आलं, वर एक निरोप घेऊन: "पोळी चांगली झाली असंल. वासावरून कळलं."

"आता तुम्ही काय बी करा," कमलबाई नवऱ्याला म्हणाली, "पण वन्संला त्या भिंतीच्या ह्या अंगाला आणा."

दरम्यान मोटार गंजीतून काढायची होती. ती चनमल्लप्पाच्या बैलांनी ओढून काढली. हणमंतरावांनी त्या वेळी एक गोष्ट सांभाळली. आपण चालक आहोत हे लोकांच्या लक्षात राहावं म्हणून ते आत चाक धरून बसले आणि परसातून अंगणात येईपर्यंत भोंगा वाजवत राहिले. बैल बुजले ते त्यामुळंच, असं चनमल्लप्पा आजही म्हणतो.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, घोड्यावरून आले. त्यांनी मोटारीला एक फेरी मारली, गंजीला एक फेरी मारली आणि फर्मावलं, "बिरेक नै तो मोटार सडकपो नै आना."

"हुजूर, दुरुस्त करायला हैदराबादला न्यावी लागंल," हणमंतराव अदबीनं म्हणाले.

"तो ले जाव."

"सडकेवरूनच न्यावी लागंल की."

"सडकपो मना है. अब्बीच बोला ना मैं."

"मग दुरुस्त कशी व्हावी?"

"हैदराबाद ले जाव," अमीनसाहेब म्हणाले, आणि आपण सरळ माणसाला सरळ वाट दाखवली या समाधानात त्यांनी मिशीवरून हात फिरवला. जाता जाता त्यांनी एक सवलतही दिली. बैल जुंपून न्यायला हरकत नाही. बैलगाडीला ब्रेक असावा असा कायदा नाही.

बैल जुंपून! खटकचिंचोळीपासून हैदराबादपर्यंत, भर सडकेनं, प्रत्येक गावच्या पारावरून! हणमंतराव त्या रात्री जेवले नाहीत.

सल्ले मात्र पोटभर मिळाले. आपल्याकडं माणूस आजारी पडला तर लोक आधी वैद्याचं नाव विचारतात. मोटार आजारी पडली तर विचारत नाहीत, स्वतःच वैद्य होतात. एकानं उतारावर मोटारीमागं बाभळीचा ओंडका साखळीनं बांधायला सांगितला. दुसऱ्यानं लिंबू-मिरची. तिसऱ्याचं म्हणणं असं की मोटार मुळात चुकीच्या बाजूनं गावात येते. खालच्या अंगानं आली तर चढ लागेल आणि चढावर ती थांबणारच, नाही थांबली तर मागं जाईल, पण पुढं तर जाणार नाही. चनमल्लप्पानं मात्र मन मोठं केलं. "अण्णा, गंज मी तिथंच पुन्हा रचतो," तो म्हणाला. "तुम्ही रोज खुशाल या."

खरं निदान करणारा भेटला तो बाजाराच्या दिवशी. तिप्पण्णा हा राजेश्वर गावच्या सडकेवर उतारूंची सर्व्हिस मोटार चालवणारा माणूस. तो अंगणात मोटारीखाली पाठीवर सरकला, आतूनच काहीतरी ठोकलं आणि आतूनच बोलला, "ब्रेकचे शू गेले की हो मालक. हिला ब्रेक मागच्याच दोन चाकांना हायत. पुढं कायबी न्हाई. आन् मागचे शू घासून पापड झाल्यात."

"शू म्हंजे?" भिंतीवरून आवाज आला. सोजराबाईनं तिकडच्या बाजूला उखळ पालथं घालून त्यावर उभं राहायची सोय केली होती.

"शू म्हंजे बूट, अक्का," तिप्पण्णा म्हणाला.

अशा रीतीनं हणमंतरावांच्या मोटारीला नवे बूट येणार ही बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली. आणि पुढं चनमल्लप्पानं विचारलं, "घरी बसतील का ते?" तेव्हा तिप्पण्णा हसून म्हणाला, "ह्ये काम आडत्याचं न्हाई हो. तसं सोपं हाय. जसं काढायचं तसंच बसवायचं. पन पायजे जातीचा मिस्त्री."

त्याला 'पन' म्हणायची गरज नव्हती. हणमंतरावांच्या मस्तकात तो 'पन' जाऊन बसला. मिडल शाळेपर्यंत उर्दूत शिकलेला, तूर नुसती मुठीत धरून तिची प्रत सांगणारा माणूस. त्याला चार बूट बसवता येऊ नयेत? "मी बसवणार," ते म्हणाले. "घरी. माझ्या हातानं." भिंतीपलीकडं उखळ जरासं हललं.

तिप्पण्णानं सोलापूरच्या दुकानाला निरोप धाडला. माल निघाला आणि सरहद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर अडकला. सोलापूर इंग्रजांचं, इकडं निजामाचं राज्य. मधून सुई जरी आली तरी करोडगिरीचे मुन्शी तिचं नाक तपासून मगच सोडत. हणमंतराव बैलगाडीनं राजेश्वरला आणि तिथून सर्व्हिस मोटारीनं नाक्यावर पोचले. मुन्शीजी म्हणजे पान खाणारा, डोळ्यांना सुरमा लावणारा आणि कामात अत्यंत चोख माणूस. त्यांच्यासमोर खोकं उघडलेलं होतं आणि आत चंद्रकोरीसारखे वाकलेले चार लोखंडी तुकडे, प्रत्येकाच्या पाठीवर चिवट विणलेल्या पट्ट्याचं अस्तर.

"बिल्टी में लिखे हैं जूते," मालाची पावती वाचत मुन्शीजी म्हणाले. "चार."

"मोटारीचे जूते हैं, हुजूर. मागच्या चाकांचे."

"पीछे के. तो आगे के किधर हैं?"

"पुढं नसतेच."

मुन्शीजींनी त्यांच्याकडं संशयानं पाहिलं. पुढचे पाय अनवाणी ठेवून फक्त मागच्या पायांत बूट घालणारं जनावर त्यांच्या पाहण्यात नव्हतं. "जूत्यां पो महसूल अलग है, कपडे पो अलग," ते म्हणाले. "ये बाहर से कपडा है, अंदर से लोहा है, और नाम जूते का. मैं कौनसे खाने में लिखूं?"

"लोखंडात लिवा की."

"लोहा बोलके जूते निकाल ले गए तो? पिछले बरस एक साहब घी के डब्बे में इत्र ले गए." मुन्शीजी जरा विचारात पडले. मग त्यांना एकदम सुचलं. कायद्याच्या माणसाला सुचतं तसं, म्हणजे समोरच्याच्या अंगावर. "पहनके दिखाव."

"आं?"

"जूता है तो पाव में आएगा. नै आया तो जूता नै. सीधी बात है."

नाक्यावर त्या वेळी गुळाच्या गाड्या थांबल्या होत्या, एक लग्नाचं वऱ्हाड थांबलं होतं, आणि सर्व्हिस मोटारीतली सगळी माणसं पाय मोकळे करायला उतरली होती. या सगळ्यांच्या देखत खटकचिंचोळीचे आडत दुकानदार हणमंतराव बाकावर बसले, त्यांनी उजव्या पायातला जोडा काढला, आणि ब्रेकचा शू पायात घालायचा प्रामाणिक प्रयत्न केला. टाचेकडून घातला. बोटांकडून घातला. वऱ्हाडातल्या एका म्हातारीनं "जरा तेल लावून बगा" असं सुचवलं. शू घसरून खाली पडला आणि ठणकन वाजला.

"अब दूसरा पाव," मुन्शीजी म्हणाले.

डावाही झाला. शेवटी मुन्शीजींनी कागदावर वळणदार अक्षरात लिहिलं की सदर माल दोन्ही पायांना लावून पाहिला, येत नाही, सबब लोखंडी सामान समजावा. त्यावर शिक्का मारला, आणि खोकं हणमंतरावांच्या हाती देताना आपुलकीनं म्हणाले, "तुम्हारा पाव छोटा पड गया."

हणमंतराव खोकं छातीशी धरून परतले. वाटेत लोक हसत होते, पण त्यांना त्याचं फारसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मुन्शीजींसमोर जोडा काढला तेव्हाच त्यांच्या मनातलं काहीतरी सैल झालं होतं. अब्रू जायची होती तेवढी गेली. आता फक्त बूट बसवायचे उरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात काम सुरू झालं. पुढच्या चाकांना अटकाव म्हणून दगड लावले. एक दगड कमी पडला म्हणून वरवंटा लावला. त्यामुळं काम संपेपर्यंत त्या घरात चटणी वाटली गेली नाही. मागचा कणा पहारीनं उचलून ओंडक्यांवर टेकवला. चाकं निघाली. चाकाच्या मागं लोखंडाची एक मोठी परात उपडी बसवलेली असते. तिच्या पोटात ते शू राहतात. तिप्पण्णा तिला ड्रम म्हणाला होता. हा ड्रम ओढला की सुटतो, असंही म्हणाला होता.

हणमंतरावांनी ओढला. सुटला नाही. रॉकेल घातलं, ठोकलं, गरम पाणी ओतलं. सुटला नाही. चनमल्लप्पानं ड्रमला जाड दोराचा सोल बांधला आणि रस्त्यानं जाणाऱ्या चार माणसांना हाक मारली. पाच-सहा जण रांगेत उभे राहिले, पाय रोवले, आणि "हर हर महादेव" म्हणून ओढू लागले. ओंडके कुरकुरले. मोटार कण्हली. ड्रम ढिम्म.

"हणमंता," उखळावरून आवाज आला, "ती आत दांडी वर वढून ठिवलीय, ती कशाची रे?"

हणमंतराव थबकले. मोटार पुन्हा कुठं जाऊ नये म्हणून, गंजीतून आणल्यापासून, त्यांनी स्वतःच्या हातानं हातब्रेक करकचून ओढून ठेवला होता. आतले शू ड्रमला गच्च धरून बसले होते. दारासमोर थांबायच्या वेळी ज्यांनी दगा दिला, ते आता सहा माणसांना दाद देत नव्हते!

"धरून ठिवा रे," असं म्हणून हणमंतराव आत वाकले आणि त्यांनी दांडी सोडली. सोडायच्या आधी 'ओढू नका' म्हणायला हवं होतं. ड्रम सुटला. रांग एकमेकांच्या मांडीवर बसली, सगळ्यात खाली चनमल्लप्पा. ड्रम अंगणातून बाहेर पडला, उताराला लागला, आणि गडगडत पार ओढ्यापर्यंत गेला. मोटारीचा तो एकच भाग, जो मोटारीशिवायही थांबत नव्हता.

तो परत आणला. दुसऱ्या बाजूचा ड्रम आता शहाणपणानं काढला, आणि त्या शहाणपणाच्या भरातच मोठी चूक झाली. हणमंतरावांनी दोन्ही बाजूंचे जुने शू, स्प्रिंगा, खिळ्या, सगळं एकदमच सोडवलं आणि पोत्यावर मांडलं. 'जसं काढायचं तसंच बसवायचं.' पण तसं म्हणजे कसं, हे दाखवायला आता कुठलीच बाजू शिल्लक नव्हती.

सोडवताना एक स्प्रिंग सटकली. ती 'टण्' म्हणाली, चनमल्लप्पाच्या मुंडाशावरून गेली आणि भिंतीपलीकडं नाहीशी झाली. पलीकडं मल्लम्मानं बाजेवर धोतर पसरून कुरडया वाळत घातल्या होत्या आणि कावळे हाकायला सोजराबाई काठी घेऊन बसली होती. हणमंतराव भिंतीशी गेले, पण बोलावं कसं? बहीण बोलत नव्हती असं नाही. ती उखळावरून सतत बोलत होती. पण मागितलेली वस्तू देणं ही वेगळी गोष्ट होती.

"अक्का, तिकडं काय पडलं का?"

बराच वेळ कुरडया उलटल्या-पालटल्या गेल्याचा आवाज. सगळ्याच वेटोळ्या, सगळ्याच वाळलेल्या. त्यात एक वेटोळं लोखंडाचं. मग भिंतीवरून एक हात आला. हातात स्प्रिंग होती, तेलानं चकचकीत.

"ही घे तुझी कुरडई," सोजराबाई म्हणाली. "तळून बगितली. फुलली न्हाई."

पलीकडं मल्लम्मा इतकी हसली की कावळ्यांनी संधी साधली.

दुपार झाली. बघ्यांची आता दोन पक्षांत वाटणी झाली होती. एका पक्षाला नक्की आठवत होतं की लांब स्प्रिंग वर होती. दुसऱ्याला तितकंच नक्की आठवत होतं की ती खाली होती. दोन्ही पक्षांचे लोक ती निघाली तेव्हा ओढ्यावर हातपाय धुवायला गेले होते. हणमंतरावांनी एकदा तसं बसवलं, एकदा असं. ड्रम चढला नाही. चढला तर फिरला नाही. हात काळे, धोतर काळं, कपाळावर काळ्या बोटांचे पट्टे. एक एक करून लोक जेवायला गेले. "मिस्त्री बोलवा, अण्णा," जाताना चनमल्लप्पा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. तेच हणमंतरावांना जास्त लागलं.

ते मोटारीच्या सावलीत एकटेच बसले. थोड्या वेळानं मल्लम्मा भाकरी आणि झुणक्याचं ताट घेऊन आली. "अक्कानं धाडलंय," ती हळूच म्हणाली. "म्हणल्या, जेवून घे म्हणावं. उपाशी माणसाच्यानं बूट बसत न्हाईत."

हणमंतरावांनी भिंतीकडं पाहिलं. उखळावर कोणी नव्हतं. त्यांनी काळ्या हातांनीच भाकरी मोडली आणि जेवता जेवता जुना शू मांडीवर घेऊन नुसतं बघत राहिले. तूर बघावी तसं. तुरीचा दाणा बोलत नाही, पण कुठल्या रानातून आला, किती पाऊस प्याला, हे त्याच्या अंगावर असतं. ते अंगावरचं वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. शूला तीन भोकं होती. दोन गंजानं लाल झालेली, तिसरं आतून चांदीसारखं चकचकीत. म्हणजे स्प्रिंगेचा आकडा याच भोकात घासत होता! त्यांनी दुसरा उचलला. त्याचं चकचकीत भोक खालच्या टोकाला. एका शूची पाठ एका टोकाला जास्त झिजलेली, दुसऱ्याची सारखी. पोत्यावर त्यांनी जुने शू झिजेप्रमाणं समोरासमोर लावले, आणि हळूहळू ते जुनं लोखंड स्वतःच सांगू लागलं की मी कुठं होतो आणि माझा जोडीदार कुठं होता.

"अगं ए," त्यांनी हाक मारली, "बाजंची दोरी आण!"

कमलबाईला वाटलं नवरा झोपतोय. पण त्यांना हवी होती ती दोरी स्प्रिंग ताणायला. सैल पडलेली बाज ताणायला पायथ्याची दोरी कशी ओढतात? पाय चौकटीला लावून, अंग मागं टाकून. त्यांनी दोरी दुहेरी करून स्प्रिंगेच्या आकड्यात अडकवली, पाय कण्याला रोवला, आणि उताणे होत होत ओढली. आकडा सरकला, सरकला, आणि 'खट्' करून भोकात बसला. तो आवाज हणमंतरावांनी आयुष्यभर जपून ठेवला. पुढं मुलीच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा ताशांच्या कडकडाटातसुद्धा त्यांना एवढं गोड काही ऐकू आलं नाही.

दिवस मावळायच्या आत दोन्ही बाजू बसल्या. ड्रम चढले. हातानं फिरवले तर फिरले, पायानं दाबलं तर गप्प उभे राहिले. कमलबाईला त्यांनी पुन्हा पुन्हा पाय दाबायला लावला, आणि प्रत्येक वेळी ड्रम थांबला की दोघं एकमेकांकडं बघून लहान पोरांसारखी हसली.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला अमीनसाहेब स्वतः आले. "मोटार मेरे सामने रोको," असं म्हणून ते उताराच्या खाली रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मग त्यांनी वर वेशीकडं पाहिलं, उतार पाहिला, चनमल्लप्पानं पुन्हा रचलेली गंज पाहिली, आणि कोणालाही न विचारता शेजारच्या ओट्यावर चढले. ओट्यांवर, गच्च्यांवर, लिंबाच्या झाडावर सगळं गाव होतं. वेशीत मोटार उभी होती. हणमंतराव धुतलेलं धोतर नेसून चाकामागं बसले होते. इतक्यात गर्दीतून वाट काढत सोजराबाई आली, दार उघडलं आणि मागं जाऊन बसली.

"अक्का, तू कामून? आधी मी एकटा बघतो."

"शब्द माझा हाय. मी बसल्याबिगर तिला ऐकू कसं येईल?"

मोटार निघाली. देवळापर्यंत ती सावकाश होती, मग उतारानं तिला हाताला धरून ओढलं. बाजूची घरं पळू लागली. हणमंतरावांची नजर आपल्या दारावर होती. तिथं कमलबाई ताट घेऊन उभी होती. तिथं दाबायचं, तिथंच, मनाशी असं घोकत ते निघाले होते. आणि दार अजून चांगलं लांब असताना, उताराच्या सगळ्यात तीव्र जागी, जिथं बैलसुद्धा पाय घट्ट करतात तिथं, मागून आवाज आला:

"थांब!"

विचार करायला सवडच नव्हती. पाय आपोआप गेला. मागची चाकं किंचाळली, धूळ उठली, हणमंतरावांची टोपी पुढं काचेवर आदळली, सोजराबाईची पानाची चंची पुढच्या आसनावर आली. धूळ खाली बसली तेव्हा मोटार होती तिथं उभी होती, भर उतारावर, खुंटीला बांधल्यासारखी.

मग चनमल्लप्पानं फेटा काढून आभाळात भिरकावला, आणि लिंबाच्या झाडापासून ओढ्यापर्यंत जो ओरडा झाला त्यानं अमीनसाहेबांचा घोडा सुटून पळाला. अमीनसाहेब ओट्यावरून "मंजूर! मंजूर!" असं ओरडत घोड्यामागं धावले. तीच त्यांची सही.

हणमंतरावांनी मागं वळून पाहिलं. सोजराबाई चंची उचलत होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "बरं झालं थांबली," ती म्हणाली. "आता दारापाशी घे."

दारापाशी मोटार अलगद थांबली. कमलबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी घातलं, आणि सोजराबाईनं उतरून उंबऱ्याच्या आत पाय टाकला. कमलबाईला रडू आलं, मल्लम्माला भिंतीपलीकडून रडू आलं. पानं मांडली होती. पुरणपोळीवर तूप वाढायचंच बाकी होतं.

पण सोजराबाई पाटावर बसली नाही. ती दारातून बाहेर मोटारीकडं बघत होती. भावाच्या काळ्या नखांकडं तिनं एकदा पाहिलं आणि सरळ जाऊन पुन्हा मागच्या आसनावर बसली.

"वन्सं, पोळी निवायली!" कमलबाई ओरडली.

"निवू दे. हणमंता, चल."

"कुठं?"

"आधी पाटलाच्या वाड्यापुढं थांबव. मग सोनाराच्या. मग देवळापुढं." सोजराबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला. "आन् पारापाशी जरा जास्त वेळ थांबव. तिथं लई बाया बसल्यात."